साठ शब्दांचें माप

ता. ५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें ‘निपुण भारत’ योजना सुरू करून देशांतील शाळांस एकच माप घालून दिलें: तिसरीच्या अखेरीस मुलानें अनोळखी उतारा मिनिटास निदान ६० शब्द या वेगानें, समजून वाचावा. माप एक असावें, याविषयीं आमचें दुमत नाहीं. पारोळ्याच्या मुलाकडून मुंबईच्या मुलाहून कमी अपेक्षा धरणें हा त्याचा अपमानच होय.

परंतु पारोळ्याच्या खेड्यांत घरची बोली अहिराणी. एका वर्गांत आम्हीं ऐकलें: मुलगी ‘येथे’ हा शब्द ‘आठे’ असा वाचून पुढें गेली. घड्याळाच्या हिशेबीं शब्द चुकला. अर्थ मात्र तिला अचूक कळला होता. हा भेद ओळखणें शिक्षकाचें काम, आणि त्यास साह्य हवें तें येथेंच. केंद्रप्रमुखांनीं शिक्षण परिषदेंत नुसते तक्ते न मागतां असा एखादा पाठ सर्वांसमक्ष घेऊन दाखवावा. मुख्याध्यापकांनीं मागें पडलेल्या मुलांचा खरा आकडा सांगणाऱ्या शिक्षकास दोष देऊं नये. आंकडे लपविण्याची पाळी आली, तर हानि त्या मुलीचीच होईल.