पुन्हा वाघबकरी

बुद्धिबळात दोन्ही सैन्ये सारखी असतात; वाघबकरीत वाघ मोजके आणि बकऱ्या पुष्कळ. पलीकडचे घर मोकळे दिसले की वाघ बकरीवरून उडी घेऊन तिला खातो. बकऱ्यांनी मिळून त्याला कोंडायचे असते.

लहानपणचा हा आवडता खेळ मी यंदा देवळीस भाच्याबरोबर पुन्हा मांडला. ओट्यावर कोळशाने पट आखला. खडे झाले वाघ आणि चिंचोके झाले बकऱ्या. भाच्याला मात्र सदैव वाघच व्हायचे होते!

मी त्याला सांगितले, "हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडील व्हायकिंग दर्यावर्दी असाच विषम डाव खेळत. त्याच जातीचा एक खेळ लिनियस या शास्त्रज्ञाने १७३२ साली लॅपलँडमध्ये पाहून नोंदवला. मध्यभागी राजा, त्याचे ८ रक्षक आणि सभोवती १६ हल्लेखोर!"

"मग मामा, राजा व्हावे की हल्लेखोर?"

"आळीपाळीने दोन्ही."

पुढच्या डावात त्याने बकऱ्या घेतल्या. एकटी पुढे गेलेली बकरी माझ्या वाघाने तत्काळ खाल्ली. तेव्हापासून तो प्रत्येक बकरीच्या पाठीशी दुसरी ठेवू लागला. हळूहळू माझ्या वाघांना हलायलाही जागा उरली नाही. इतके दिवस वाघ होऊन जे उमगले नव्हते, ते त्याला एका डावात बकरी होऊन उमगले.