गायरानाचा पंच

बालाघाटाच्या ज्या उतारावर आमच्या थोरल्या चुलत्यांचे, म्हणजे आप्पांचे, नव्वदी ओलांडलेले आयुष्य गेले, तिथे काळी जमीन थोडी आणि मुरूम फार. त्यामुळे भूम तालुक्यातल्या त्या बाजूच्या माणसाने पिकापेक्षा जनावरावर अधिक भिस्त ठेवावी, हा निसर्गाचाच हुकूम होता. दूध नासण्यापूर्वी शहरात पोचणे दुरापास्त, म्हणून ते भट्टीवर आटवून त्याचा खवा करावा आणि तो बाजारी धाडावा, ही या मुलखाने काढलेली तोड आजही चालू आहे. आप्पांच्या दावणीला गाई-म्हशी होत्या आणि त्यांच्या मागे काळ्या, लोंबत्या कानांच्या, बहुधा जुळी करडे देणाऱ्या शेळ्यांचे खांड होते. पशुवैद्यकाच्या ग्रंथांत या शेळीला जिल्ह्याचे नाव मिळाले आहे. पुढे जिल्ह्याचे नाव बदलून धाराशिव झाले, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली.

या साऱ्या संसाराचा आधार गायरान हा होता. निजामाच्या अमदानीत 1317 फसलीचा जमीन महसूल कायदा होता, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे होती. परंतु आप्पांना गायरान दप्तरावरून नव्हे, तर पायांवरून ठाऊक होते. कोणत्या ओघळीत मार्गशीर्षापर्यंत ओल टिकते, कोणत्या टेकाडावर पवन्या गवत येते आणि कोठे नुसते कुसळ, हे त्यांना मुखोद्गत होते. 1948च्या सप्टेंबरात भारतीय फौज सोलापुराकडून नळदुर्गाच्या वाटेने जिल्ह्यात शिरली, तेव्हा आप्पा खांड घेऊन दरीत होते; राज्य बदलल्याची वार्ता त्यांना संध्याकाळी पाणवठ्यावर कळली, आणि त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा की, आता चराईचे काय?

1958च्या ग्रामपंचायत कायद्यानंतर आमच्याकडे निवडणुका होऊ लागल्या. आप्पांना गावाने पंच केले, मग सरपंच केले. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर काही वर्षे ते पंचायत समितीतही बसले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले, त्यांचा लौकिक महाराष्ट्रभर झाला, आणि तो योग्यच होता. आमच्या जिल्ह्यातल्या भाई उद्धवराव पाटलांचे नावही जुनी माणसे अजून काढतात. परंतु तालुक्याच्या पायरीवरच थांबलेल्या लोकसेवकांचे चरित्र कोणी लिहीत नाही. त्यांची स्मृती ठरावबुकातल्या सह्यांत उरते, आणि ती बुकेही पुष्कळदा वाळवीच्या स्वाधीन झालेली असतात.

सरपंच झाल्यावर गावचा कोंडवाडा आप्पांच्या अखत्यारीत आला, या गोष्टीचे मला बालपणी मोठे नवल वाटे. कारण तरुणपणी ज्या कोंडवाड्यात त्यांची जनावरे अडकत आणि दंड व खुराकी भरल्यावाचून सुटत नसत, त्याच्याच किल्ल्या आता त्यांच्या कडदोऱ्याला आल्या होत्या. त्यांनी तिथे आपला एक शिरस्ता घालून दिला. पिणारे करडू असलेली शेळी रात्रभर कोंडायची नाही, आणि तक्रार आली की आधी शेत पाहायचे, मग पावती फाडायची. एकदा एका मातब्बर शेतकऱ्याने गरीब विधवेच्या शेळ्यांनी ज्वारी खाल्ल्याची फिर्याद आणली, तेव्हा मी आप्पांच्या मागोमाग बांधापर्यंत गेलो होतो. ते उकिडवे बसले, ताटे न्याहाळली आणि म्हणाले, ‘‘पाटील, शेळी शेंडा खुडते, पान ओरबाडते. हे ताट जिभेनं वेढून मुळासकट उपटलंय. तुमचं खोंड कुठं बांधलंय?’’ खोंड सुटलेले होते. पंचनाम्याला इतके शास्त्र पुरेसे असते, हे मी पुढे कचेऱ्यांतून फिरताना अनेकदा आठवले. त्या कचेऱ्यांत ताटे पाहायला जाणारे क्वचितच भेटले.

1972च्या दुष्काळात दावणी मोकळ्या झाल्या. कडबा मिळेना, जनावरे मातीमोल भावाने विकली गेली; बाभळीच्या शेंगांवर आणि हिवराच्या पाल्यावर शेळ्या तेवढ्या तगल्या. त्या वर्षी पाझर तलावाच्या कामाला जागा हवी होती, आणि आप्पांनी ती गायरानातून दिली. तत्पूर्वी शाळेला दिली होती, पाण्याच्या टाकीला दिली होती. आणि ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या गावकीत राबण्यात गेल्या होत्या, त्या भूमिहीन दलित कुटुंबांनी दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहाच्या प्रेरणेने पडीक मुरूम नांगरला, तेव्हा त्यांना हुसकावण्याच्या ठरावावर सही करण्याचे त्यांनी साफ नाकारले. त्यावर भावकीतले लोक त्यांना म्हणत, ‘‘तू चाऱ्यावर वाढलास आणि चाराच वाटून टाकतोस?’’ त्यांचे उत्तर ठरलेले असे: ‘‘पोट बांधलेल्या माणसाशी माझी शेळी भांडत नाही. पोट भरलेला बांध कोरतो, त्याच्याशी माझं भांडण.’’

हे भांडण त्यांनी जन्मभर केले. दरवर्षी नांगराचे एक-दोन तास गायरानात सरकवणारे बडे खातेदार, त्यांची नावे अतिक्रमणाच्या ‘एक-ई’ नमुन्यात चढवण्याविषयी चालढकल करणारे कारभारी, आणि मोजणीच्या दिवशी नेमके परगावी गेलेले साक्षीदार, यांच्यापुढे आप्पा पुष्कळदा हरले, हे मला नमूद केले पाहिजे. त्यांच्या अखेरच्या वर्षांत गायरान इतके आक्रसले होते की, खांड राखणे अशक्य होऊन दोन-चार शेळ्या त्यांना अंगणात बांधून पाल्यावर सांभाळाव्या लागल्या.

शासनाने 28 नोव्हेंबर 1991च्या निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची जुनी गायरान-अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. आणि 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवा असे बजावताना अपवाद राखले ते शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचे, आणि शाळा-दवाखान्यांसारख्या लोकोपयोगी जागांचे. आप्पांनी कायदा वाचला नव्हता. त्यांचा निवाडा मात्र पुष्कळ अंशी हाच होता, आणि तो चाळीस वर्षे आधीचा होता. आज ज्यांच्या हाती ग्रामपंचायतीचा शिक्का आहे, त्यांना माझी विनंती इतकीच, की गायरानाच्या कोणत्याही ठरावावर तो उमटवण्यापूर्वी एकदा ती सारी जमीन हद्दीच्या दगडापासून दगडापर्यंत पायी फिरून यावी, आणि बरोबर तलाठ्याइतकाच एखादा शेळ्या राखणाराही न्यावा.