बिछायतीचा लाल

भाड्याच्या घरात मालकाची आवड भाड्यातच धरलेली असते. तिची वेगळी पावती मिळत नाही. नळ किती वाजता येतो, मीटर वेगळं आहे का, गाडी कुठे लावायची, हे सगळं आपण खोदून खोदून विचारतो. झोपायच्या खोलीत कोणता रंग सोसावा लागेल, हे कुणी विचारत नाही. डिपॉझिट देऊन होतं, सामान उतरवून टेम्पो निघून जातो, रात्री खोक्यांच्या मधे जागा करून आपण आडवे होतो आणि मग तो रंग दिसायला लागतो. एकदा दिसला की दुसरं काही दिसत नाही.

माझ्या वर्ध्याच्या खोलीत हा रंग जमिनीवर होता. भिंतीवर असता तर एक वेळ चाललं असतं. भिंतीला कपाट लागतं, आरसा लागतो, कॅलेंडर लागतं, हळूहळू ती झाकत जाते. जमीन मात्र घरातली सगळ्यांत मोठी उघडी जागा. त्यातून विदर्भात जमिनीशी माणसाचं नातं जवळचं. चैत्रापासून मृगापर्यंत इथली माणसं दुपारी गादी गुंडाळून ठेवतात आणि ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर पाठ टेकतात. माझ्या खोलीतही फरशी होती, पण दिसत नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल कार्पेट चिकटवलेलं होतं.

लालातही जाती असतात. कुंकवाचा लाल असतो, मिरचीचा असतो, उन्हात वाळलेल्या विटेचा असतो. हा यांतला कुठलाच नव्हता. मांडवाच्या कमानीपासून स्टेजपर्यंत जो अंथरलेला असतो, फोकसच्या उजेडात जो चार तास झळकतो आणि सकाळी गुंडाळून मेटॅडोरमध्ये जातो, तो हा लाल. घरमालकीण काकूंच्या मुलाचं बिछायत केंद्र आहे. पुण्या-मुंबईकडे ज्याला मंडप डेकोरेटर्स म्हणतात, तेच. उरलेला रोल त्याने आईच्या वरच्या खोलीत लावून टाकला. किल्ली देताना काकू कौतुकाने म्हणाल्या, "लोकाईच्या घरी असं राहत नाही, मॅडम. एकाच लग्नात टाकलं होतं. आता काढाचं नाही हं, पाणी टाकाचं नाही, नुसतं झाडाचं." कार्पेटचं एवढं गुणगान ऐकल्यावर रंगाबद्दल बोलायला तोंड उघडेना.

पाहुण्यांच्या पायाखाली लाल अंथरायची हौस फार जुनी. एस्खिलसच्या 'आगामेम्नॉन' या ग्रीक नाटकात, म्हणजे इसवी सनापूर्वी 458 मध्ये, ट्रॉय जिंकून आलेल्या राजासमोर राणी किरमिजी वस्त्रं अंथरते. राजा बिचकतो. असा मान देवांचा, माणसाने त्यावर पाय ठेवू नये, म्हणतो. शेवटी पायताण काढून चालत आत जातो, आणि आत त्याचा खून होतो. त्या राजाला या लालवरून एकदाच जायचं होतं. मला रोज सकाळी उठून त्याच्यावरून दुधाची पिशवी घ्यायला जायचं होतं.

करार अकरा महिन्यांचा. 1908 च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली, ती टाळायला अकरा महिन्यांची चाल पडली. पुढे महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेला हवा असं सांगितलं, तरी अकराचा आकडा काही हलला नाही. आमच्या करारात भिंतीला खिळा ठोकायची मनाई होती, गच्चीवर पापड वाळवायला मुभा होती. कार्पेटचा उल्लेख नव्हता. जे कागदावर नसतं त्याच्याशी भांडताही येत नाही.

पहिला उपाय दुकानदाराने सुचवला. इतवाऱ्यातल्या एका दुकानात पडदे बघायला गेले, खाली लाल कार्पेट आहे असं सांगितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने मरून काढले, सोनेरी वेलबुट्टीचे क्रीम काढले, लाल काठाची चादर काढली. "मॅचिंग होऊन जाईल, मॅडम." मी ते कापड हातात धरून मनातल्या मनात खोलीत लावून बघितलं. नवरा-नवरीच्या दोन खुर्च्या तेवढ्या कमी होत्या. एका रंगाला न्याय द्यायचा म्हणून बाकी सगळ्या वस्तूंनी त्याची चाकरी करायची, याचं नाव मॅचिंग. ते सगळं परत घडी करून ठेवायला लावलं.

दुसरा उपाय सगळ्यांना सुचतो तो: पांढरं. पांढरी चादर, पांढरा पडदा, पांढऱ्या उशा. पांढरं कशालाही चालतं, अशी आपली समजूत. पण बाजारातलं निळीचा हात दिलेलं पांढरंशुभ्र कापड त्या लालवर आलं आणि लाल आणखी पेटला. चादरीला बघावं तर तिच्यावर हिरवट छटा. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन कार्पेटवर पडलं की चुन्याची भिंत कमरेपर्यंत गुलाबी व्हायची.

या गोष्टीचा छडा एका विणकामाच्या कारखान्यात लागला आहे. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा राजाश्रयाचा कारखाना होता. तिथे भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणली जात. 1824 मध्ये मिशेल यूजीन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगखात्याचा प्रमुख झाला. त्याच्याकडे तक्रार आली की कारखान्याचा काळा रंग दमदार नाही, फिका वाटतो. त्याने तो धागा दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. रंग पक्का होता. खोट होती ती शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत. त्यांच्याशेजारी काळ्याचा दम जात होता. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो, हे त्याने 1839 मध्ये जाड ग्रंथ लिहून सिद्ध केलं. मला त्यातून एवढंच घ्यायचं होतं: लाल बदलता येत नसला तरी त्याचा शेजार माझ्या हातात आहे.

वर्ध्यात कापडाचा शेजार शोधायला लांब जावं लागत नाही. मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. मगनलाल गांधींच्या नावाचं, 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. तिथल्या खादीला झाडापाल्याचे रंग देतात. मी तिथून कोरी खादी आणली, न धुतलेली, न उजळलेली. खिडकीशी धरून बघितली तर तिच्यात काळसर-तपकिरी बारीक ठिपके होते. सरकीच्या टरफलाचा चुरा. पिंजून, कातून, विणूनही धाग्यात तग धरून राहिलेला. जवळून पाहिलं की हे कापड पांढरं नाहीच, त्यात साय आहे, माती आहे, कपाशीच्या बोंडातली काडी आहे. ते पलंगावर अंथरलं आणि पहिल्यांदा लालचा आवाज खाली आला. पांढऱ्याशुभ्राने त्याला आव्हान दिलं होतं. या मळकटाने दिलं नाही.

मग काळा-राखी शोधला. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं सूत लोखंडाच्या पाण्यात घातलं की काळवंडतं. रंगाऱ्यांची ही फार जुनी विद्या. त्या जातीच्या राखी कापडाच्या दोन उशा केल्या. पलंगाजवळ निळ्या-करड्या पट्ट्यांची सुती सतरंजी टाकली. वऱ्हाडात सतरंज्यांचं काम जुनं आहे, अकोटच्या सतरंज्या इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही नोंदल्या आहेत. माझी सतरंजी मात्र आईकडची, लग्नकार्यात पंगतीला वापरलेली, एका कोपऱ्यात हळदीचा डाग असलेली. ती लालवर अंथरली. सगळा लाल झाकायचा नाही, असं तोवर ठरलं होतं. पूर्ण झाकलं की खालचं डोकं वर काढतं. कडेने हात-हात उघडं ठेवलं की तेच काठासारखं दिसतं. मी त्याला काठ करून टाकलं.

एप्रिल उतरला आणि खरी परीक्षा लागली. वर्ध्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला पंचेचाळीस अंशांचं अप्रूप नसतं. दुपारी रस्ते ओस पडतात, उसाच्या रसाच्या गाड्यावरचा घुंगरू तेवढा वाजतो. कूलरला नव्या ताट्या बसवल्या, त्यांचा ओला वास खोलीत भरला, आणि त्याच्या खालोखाल कार्पेटचा वास उठला, कुबट आणि लोकरीसारखा. त्या दिवसांत लाल डोळ्यांनाच पोळायचा. मी पश्चिमेच्या खिडकीला निळीत रंगवलेला जाड पडदा लावला, आणि दारं लोटून खोलीत सांज केली.

त्या अंधुक उजेडात एक नवल बघायला मिळालं. सगळ्यांत आधी लाल विझला. सतरंजीची निळी पट्टी दिसत होती, पडद्याच्या निळाईतून उजेड पाझरत होता, आणि जमीन काळी झाली होती. वीज गेली की हाच खेळ रात्री व्हायचा. पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने पहाटेच्या उजेडात फुलं बघताना हे टिपलं आणि 1825 मध्ये लिहून ठेवलं: उजेड ओसरला की डोळ्याला लाल आधी काळवंडलेला दिसतो, निळं-हिरवं मागे उरतं. उन्हाळाभर दुपारी माझ्या खोलीत लाल कार्पेट नव्हतंच. काळं रान होतं, आणि त्याच्या कडेला निळा नाला.

काळं रान ही उपमा मला सहज सुचली खरी, पण ते रान खरंच खाली होतं. मेच्या अखेरीस कपाट सरकवताना कोपऱ्यातलं कार्पेट उचकटलं. वाळलेल्या गोंदाचे पापुद्रे, चिमूटभर बारीक माती, आणि त्याखाली शहाबादी फरशी. फरशीतून तिरपी भेग गेली होती, बोट जाईल एवढी, भिंतीत शिरून चौकटीपर्यंत चढलेली. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांचा हा भोग आहे. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरच्या घराला दरवर्षी थोडं हलवून जाते. ज्या मातीत कपाशी चांगली येते त्याच मातीवर भिंत चांगली उभी राहत नाही. काकूंना विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मग काय करावं जी? फरशी बदलाले किती पैसे लागते, माहीत हाय ना? पोरानं म्हटलं, लावून देतो." मी ते कोपऱ्यातलं लाल परत दाबून बसवलं, यावेळी जरा हलक्या हाताने. इतके दिवस मी ज्याला हौस समजत होते ती ठिगळाची युक्ती होती.

पाहुणे आले की त्यांना सेवाग्राम दाखवायला न्यावंच लागतं. बापूकुटी सगळ्यांनी पाहिलेली असते, पण दुसऱ्याच्या घरात राहायला लागल्यापासून मी ती वेगळ्या डोळ्यांनी पाहते. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगावात राहायला आले. त्या गावाचं सेवाग्राम पुढे झालं. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मुळात मीराबेनने स्वतःसाठी उभी केलेली झोपडी. गांधीजी तिच्यात नंतर राहायला गेले. भिंतीवर मीराबेनने मातीच्या उठावात ताडाची झाडं काढली आहेत, चरखा काढला आहे, ॐ काढला आहे. जगातल्या सर्वांत नीटनेटक्या माणसांपैकी एकाची खोली, आणि भिंतीवरची सजावट दुसऱ्याच्या हाताची. तिच्यापुढे त्यांनी आपलं मांडलं ते थोडकंच: बैठक, उतरतं मेज, चरखा, टेकायला फळी. तेवढ्याने ती खोली त्यांची झाली, आणि मीराबेनची ताडाची झाडंही तिथेच राहिली. खोली आपली व्हायला सगळंच आपल्या आवडीचं असावं लागत नाही, हे तिथे पाच मिनिटं बसलं तरी कळतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी काकू वर आल्या, पाण्याची टाकी बघायला. दारात थबकल्या, सगळीकडे नजर फिरवली. सतरंजी, राखी उशा, निळा पडदा, कडेने उरलेला लाल काठ. जरा हिरमुसून म्हणाल्या, "आता लग्नाचं घर नाही वाटून राहिलं, मॅडम." मी चहा ठेवला. त्या पलंगावर बसल्या, कोरी खादी बोटांनी चाचपली, कितीला मिळाली ते विचारलं, आणि "महाग हाय" म्हणून पुन्हा चाचपली.

तो लाल मला आजही आवडत नाही. राहून राहून सगळं आवडायला लागतं, असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. नावडतं नावडतंच राहतं, फक्त त्याच्याकडे पाठ करून बसायची गरज उरत नाही. म्हणून भाड्याच्या खोलीच्या शोधात असलेल्यांना सांगणं एवढंच. खोली बघायला दुपारी जा, दिवे बंद करायला लावा आणि आधी जमिनीकडे बघा. रंग पटला नाही, पण भाडं परवडतंय आणि वारा येतोय, तर खुशाल घ्या. मॅचिंग मात्र काही विकत घेऊ नका. पडदे, चादरी, सतरंजी आपल्या आवडीची घ्या. करार संपला की कार्पेट मालकाकडे राहतं, आणि टेम्पोत आपल्या वस्तू चढतात.