अकरा वेळा बोलले मी!

चारचौघांत चर्चा सुरू झाली की आपण किती बोलतो आणि किती ऐकतो, हे कधी मोजलंय का हो तुम्ही? मी कधीच मोजलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात माझ्या पुतणीनं ते मोजलं, आणि मी चांगलीच ओशाळले!

ही माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. दहा वर्षांची होईपर्यंत आमच्याजवळच वाढली, मग आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेली. आता तिथेच कायदा शिकते. तिकडे सॉलिसिटर व्हायचं तर २०२१ पासून नव्या पद्धतीच्या परीक्षा आहेत, शिवाय दोन वर्षं प्रत्यक्ष काम करावं लागतं. त्यासाठी मोठ्या फर्म उमेदवारांना 'असेसमेंट सेंटर'ला बोलावतात. सेंटर कसलं, निवडीची परीक्षाच ती! मुलाखत, लेखी काम आणि गटचर्चा. पाचसहा जणांना एका टेबलाशी बसवायचं, एका अशिलाची अडचण लिहिलेले कागद द्यायचे, आणि ठरलेल्या वेळात एकमतानं सल्ला ठरवा म्हणायचं. परीक्षक बाजूला बसून नुसते टिपून घेतात.

ह्यांनी लगेच माहिती पुरवली, की या पद्धतीचं मूळ लष्करात आहे. १९४२ साली ब्रिटिश सैन्यानं अधिकारी निवडताना, कुणालाही पुढारी न नेमता गटाला काम द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे सैन्यभरतीच्या 'एसएसबी'त आजही अशा चाचण्या असतात.

नोव्हेंबरात पोरीला एका फर्मनं नाकारलं. कारण काय, तर मुद्दे उत्तम काढलेत, पण गटात तोंडच उघडलं नाही! ऐकून माझ्या काळजात चर्र झालं. 'मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये,' हे तिला लहानपणी शिकवणारी मीच की!

जानेवारीत दुसरीकडे बोलावणं होतं. सुट्टीत आमच्याकडे आली तेव्हा म्हटलं, चल, घरातच सराव करू. शाळेत अर्धवेळ का होईना, मी शिकवते. चर्चा घेणं माझ्या हातचा मळ! विषयही घरचाच काढला. आमच्या अपार्टमेंटची शिल्लक दोन लाख. त्यातून गच्चीची गळती थांबवायची, पाण्याची मोटार बदलायची, की जिना रंगवायचा? वेळ वीस मिनिटं. मी, हे, सासूबाई, शेजारच्या वहिनी आणि त्यांचा इंजिनिअरिंगचा मुलगा. पहिल्या फेरीत पोरगी परीक्षक.

झालं! मी सुरू झाले ती थांबेचना. वीस मिनिटांत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव पास!

मग तिनं वही उघडली. "काकू, तू अकरा वेळा बोललीस. त्यात सात वेळा दुसऱ्याचं वाक्य तोडून. आजी एकदाही बोलली नाही." खोलीत सगळे गप्प. माझे तर कान गरम झाले.

दुसऱ्या फेरीत ती स्वतः बसली. आधीच ठरवून घेतलं होतं, पहिल्या पाच मिनिटांत एकदा तरी बोलायचंच. उशीर झाला की धीर सुटतो. हातात घड्याळ घेऊन ती म्हणाली, "आधी वेळ वाटून घेऊ." थोड्या वेळानं सासूबाईंकडे वळली, "आजी, तुला काय वाटतं?"

सासूबाई सावकाश म्हणाल्या, "अगं, माझ्या खोलीची भिंत रोज ओली होत नाही. नळाला पाणी येत नाही आणि टाकी रिकामी असते, त्या दिवशी ती कोरडी असते. गच्ची नाही, टाकी गळते."

गेलं वर्षभर त्या हे पाहत होत्या. विचारलं कुणी? कुणीच नाही!

पोरगी म्हणाली, "तिथेही असंच असतं, काकू. कधी कधी एकेकाच्या कागदात वेगळीच माहिती असते. गप्प बसलेल्याला विचारलं नाही, तर सल्लाच चुकतो."

म्हणून मैत्रिणींनो, तुमची मुलं अशा चर्चेची तयारी करत असतील तर घरीच सराव घ्या. विषय साधा द्या, घड्याळ लावा, आणि एकाला नुसतं टिपायला बसवा. मूल मुखदुर्बळ असेल तर लवकर बोलायला लावा. "तिचा मुद्दा पुढे नेते" किंवा "आता दहाच मिनिटं उरलीत" एवढं म्हटलं तरी सुरुवात होते. बडबडं असेल तर दुसऱ्याला विचारायची सवय लावा. पटलं तर मत बदलण्यात कमीपणा नाही, हेही सांगा.

जानेवारीत तिचा फोन आला. तिसऱ्याच मिनिटाला बोलली, आणि कोपऱ्यातल्या एका गप्प मुलालाही तिनं बोलतं केलं. निकाल यायचाय अजून. आमची टाकी मात्र दुरुस्त झाली. भिंत कोरडी आहे.

आणि माझी परीक्षा? ती रोज जेवणाच्या टेबलावर चालूच आहे. काल तीनदाच वाक्य तोडलं. सासूबाई मोजतात!