लाईट आली!

आमच्या वस्तीवर लाईट जाते तेव्हा कुणी फारसं बोलत नाही. हातातलं काम तिथंच थांबतं, कुणीतरी काडेपेटी चाचपतं, एवढंच. पण लाईट आली की लहानथोर सगळे एका आवाजात ओरडतात, ‘आली, आली!’ पोरं तर उड्या मारतात. पन्नास वर्षं झाली तरी हे ओरडणं काही थांबलेलं नाही. या ओरडण्याचे माझ्यावर फार मोठे उपकार आहेत. ते कसे, ते आज सांगतो.

आमची वस्ती खटाव तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटर आत. तीन घरं. कोयनेचं धरण आमच्याच सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. तिथल्या पाण्यावर वीज तयार होते असं शाळेत, वर्तमानपत्रात वाचलेलं. पण आमच्या वस्तीवर खांब आले ते 1976 साली, मी दहावीला होतो तेव्हा. पहिला बल्ब लागला त्या रात्री आईनं त्याला हात जोडले आणि लगेच कंदिलाची काच पुसायला बसली. मी म्हणालो, “आई, आता कशाला कंदील?”

ती म्हणाली, “लाईट मंजी पाव्हणी हाय बाबा. आली तर पाट मांडायचा. पण तिच्या भरवशावर चूल सोडायची न्हाय.”

आई होती तोवर हा नेम कधी चुकला नाही. दिवस मावळायच्या आत चुलीतली राख फडक्यावर घेऊन कंदिलाची काच पुसायची, वातीची काजळी कातरून सारखी करायची, रॉकेल बघायचं. एक कंदील घरात, एक गोठ्यात, दोन चिमण्या. काडेपेटी देवळीत उजव्या कोपऱ्यात. ती तिथून हलवली तर बोलणी खावी लागत. अंधारात हात नेला की काडेपेटी हाताला लागलीच पाहिजे, हा तिचा कायदा. रांजण भरलेला, दोन दिवसांचं पीठ डब्यात, विहिरीवर रहाट नि दोर शाबूत. लाईट चार दिवस नाही आली तरी आमचं घर अडत नव्हतं.

आई 1998 साली गेली. त्यानंतर तिची तयारी आम्ही हळूहळू मोडीत काढली. कुणी ठरवून काढली नाही. विहिरीवर एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार बसली, ती घरच्याच लाईनवर. मग रहाट अडगळीत गेला, त्याचं लाकूड एका पावसाळ्यात चुलीत गेलं. दळण गिरणीवर जायला लागलं. कंदिलाची काच फुटली, ती कुणी आणली नाही.

आणि नेमकी तेव्हाच लाईट जायला लागली. 2005 नंतरची काही वर्षं आठवा. दिवसातले बारा-बारा तास भारनियमन. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बारा वाजता उठून दारं धरायला जायचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, पायाखाली कुठं फुरसं निघेल याचा नेम नाही. मध्येच एक फेज उडाला की मोटार घुंऽऽ करून गरम व्हायची. वेळेत बंद केली नाही तर कॉईल जळालीच. आम्ही शेतकऱ्यांनीही कमी उद्योग केले नाहीत. कुणी कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार पळवायचा, कुणी डीपीवर जाऊन वाळक्या काठीनं फ्यूज बसवायचा. वायरमन एक आणि गावं सहा. वाट कुणी बघायची? आपण सगळेच अर्धे वायरमन झालो होतो. अर्ध्या वायरमनासारखा धोक्याचा माणूस नाही, हे तेव्हा कळलं नाही.

2009 च्या मे महिन्यात वळीव आला. असा आला की पत्रे उडाले, आंबा निम्मा खाली. ओढ्याजवळचे विजेचे तीन खांब आडवे झाले. वस्तीवर अंधार. पहिल्या दिवशी आम्हाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकी संपली. तिसऱ्या दिवशी पाण्याचा खरा प्रश्न उभा राहिला. दावणीला दोन म्हशी, दोन बैल आणि एक रेडी. उन्हाळ्यात एक म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज पिते. विहीर चाळीस फूट, पाणी तळाला. रहाट नाही. मी आणि बायकोनं दोराला बादली बांधून हातानं पाणी ओढलं. दोघांच्याही तळहाताला फोड आले. जनावरं मात्र रिकामी बादली चाटत होती.

चौथ्या दिवशी ही म्हणाली, “सासूबाई असत्या तर रहाट मोडू दिला नसता.” तिनं टोचून म्हटलं नव्हतं, पण मला ते लागलं. तसाच उठलो आणि गावातल्या मंडपवाल्याकडून लहान जनरेटर बैलगाडीत घालून आणला. आता तो घराला जोडायचा कसा? मंडपवाल्याच्या पोरानं एक वायर दिली होती, तिच्या दोन्ही तोंडांना पिना. एक तोंड जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या प्लगात घालायचं. सगळ्या घरात लाईट. मला तर ही युक्ती फार आवडली.

मेन स्विच पाडायचा असतो हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. माझ्या डोक्यात साधा हिशेब. लाईन तर मेलेलीच आहे, तिची काय काळजी? पण तार रस्ता ओळखत नाही. खांबावरून घरात वीज येते त्याच तारेनं घरातली वीज उलटी खांबावर जाते. मेन स्विच चालू म्हणजे दार उघडं. माझा जनरेटर माझ्या घरात नाही, तर अख्ख्या वस्तीच्या लाईनमध्ये वीज सोडत होता.

आणि त्याच संध्याकाळी तिकडं ओढ्यावर, माझ्या घरापासून दोन शेतं पलीकडं, वायरमन खांबावर चढलेला होता. खांब दुपारी उभे केले होते, तारा ओढून झाल्या होत्या. फक्त आमच्या वस्तीकडं जाणाऱ्या तारांचे जंपर जोडायचे राहिले होते. झाडांच्या आड तो मला दिसत नव्हता. माझा जनरेटर गोठ्यामागं, आणि वारा उलट दिशेनं. त्यालाही आवाज गेला नाही.

मी दोरी ओढली. जनरेटर भडभडला. मोटारीचं बटण दाबलं, मोटार कुरकुरली आणि पाईपातून पाणी आलं. म्हशी दाव्याला हिसके देऊ लागल्या. आणि त्याच क्षणी शेजारच्या आबांच्या पडवीतला बल्ब मिणमिणत लागला. आबांची नातवंडं अंगणात होती. चार दिवसांनी बल्ब लागलेला बघून ती जीव खाऊन ओरडली, “आली! लाईट आली!”

माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, खरी लाईटही आली वाटतं. जनावरांना पाणी पाजत राहिलो.

दहा मिनिटांनी वायरमन बांधावरून चालत आला. चेहरा मातीसारखा झालेला. काही न बोलता तो सरळ पडवीत गेला आणि मेन स्विच खाली ओढला. मग पिशवीत हात घातला आणि डीपीचे तिन्ही फ्यूज काढून माझ्यापुढं धरले.

“दादा, फ्यूज माझ्यापाशी हायती. मग ही लाईट आली कुठनं?”

मला उत्तर देता आलं नाही. जनरेटर अजून भडभडत होता. तोच उत्तर देत होता.

मग त्यानं सांगितलं. कमरेचा पट्टा बांधून तो जंपर जोडायला हात पुढं करत होता. आमच्या बाजूची तार हातापासून वीतभर राहिली असेल. तेवढ्यात पोरांचा आवाज आला, ‘आली!’ दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पोरं काय, उगाच ओरडत्यात. पण त्याला वाटलं, फ्यूज पिशवीत असताना लाईट येईलच कशी? त्यानं हात मागं घेतला, टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

“फ्यूज काढले म्हणून मी गाफील व्हतो,” तो म्हणाला. “टेस्टर आधी लावायचा व्हता. माझं बी चुकलं.”

तो असं म्हणाला म्हणून मला जास्त लाज वाटली. शिव्या दिल्या असत्या तर मोकळा झालो असतो. हिनं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तांब्या धरलेला हात थरथरत होता. पाणी पिऊन तो परत गेला, जंपर जोडले, फ्यूज बसवले, आणि साडेआठच्या सुमाराला खरी लाईट आली. पोरं पुन्हा ओरडली. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. त्या रात्री मला भाकरी गेली नाही.

पुढं त्याच्याकडूनच समजून घेतलं. डीपी अकरा हजार व्होल्टची वीज उतरवून घरापुरती करते. पण उलट्या बाजूनं वीज शिरली तर तीच डीपी ती चढवून अकरा हजारावर नेऊ शकते. म्हणजे एका घरातला चुकीचा जनरेटर लांबच्या खांबावरच्या माणसालाही मारू शकतो. आमची लाईन डीपीपासून तुटलेली होती म्हणून धोका वस्तीपुरताच राहिला.

आठवड्याभरात मी चेंजओव्हर स्विच बसवून घेतला. दांडा वर केला की लाईन, खाली केला की जनरेटर. दोन्ही एकदम कधीच जोडले जात नाहीत. दोन पिनांची ती वायर मी मंडपवाल्याच्या पोरासमोर कोयत्यानं तोडली आणि वायरीचे पैसे त्याला दिले.

रहाटही पुन्हा बसवला. सुतारानं विचारलं, “आता कशाला?” मी त्याला आईचं बोलणं ऐकवलं. पुढं रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं, म्हणून कंदिलाच्या जागी चार्जिंगच्या दोन बॅटऱ्या आल्या. पण त्या त्याच देवळीत, उजव्या कोपऱ्यात. वळवाचं आभाळ भरून आलं की टाकी, हौद, माठ आधी भरून घेतो. लाईट गेली की फ्रिजचा नि टीव्हीचा प्लग काढायचा आणि आल्यावर दहा मिनिटं थांबून लावायचा, कारण पहिल्यांदा दाब कमीजास्त होतो. मोटारीचा ऑटो बंद ठेवायचा. पडलेल्या तारेजवळ जायचं नाही, दुसऱ्यालाही जाऊ द्यायचं नाही. खांबाच्या ताणाला जनावर बांधायचं नाही. आणि सगळ्यात मोठं, गेलेली लाईट गेली असं धरायचं नाही. ती कुठून, कधी परत येईल ते तारेलाही ठाऊक नसतं.

तो वायरमन आता रिटायर झाला आहे. आमच्या लाईनवर काम निघालं की खांबावर चढण्याआधी तो मला फोन करायचा. “दादा, दांडा कुठं हाय?” मी पडवीत जाऊन डोळ्यांनी बघायचो आणि मगच सांगायचो, “वर हाय. जनरेटर बंद हाय.” नवा पोरगा आला तेव्हा त्यानं माझा नंबर त्यालाही दिला. त्या दिवशी काय झालं ते मात्र त्यानं नव्या पोराला सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं.

आता माझी नातवंडं अंगणात ‘आली, आली!’ ओरडतात. सूनबाई म्हणते, “किती आरडता रे!” मी तिला म्हणतो, “ओरडू दे त्यांना.”