पाच जीबीतल्या चाळीस ओळी

पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ हा मराठी मजकुराचा साठा सर्वांसाठी खुला केला. त्यात २ कोटी ४८ लाख वाक्यं आहेत आणि सुमारे २८ कोटी ९० लाख टोकन, म्हणजे ढोबळमानाने शब्द. संगणकाला मराठी शिकवणाऱ्यांसाठी ही मेजवानीच. पण हा मजकूर नुसता डोळ्यांखालून घालायचा म्हटला की पंचाईत होते. एका ओळीत एक वाक्य असं मांडलं आणि एका शब्दाला सरासरी पाच-सहा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडची सुटी चिन्हं, धरले, तर फाइल पाच जीबीच्या घरात जाते. आठ जीबी मेमरीच्या साध्या लॅपटॉपवर तिच्यावर डबल-क्लिक केलं की पंखा घरघरायला लागतो, माउसचा बाण गोल गोल फिरत बसतो आणि थोड्या वेळाने खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं.

असल्या फाइली उघडणारं अॅप्लिकेशन लिहिण्याचा नाद बदलापूरच्या कात्रपमधल्या एका प्रोग्रॅमरला आहे. नोकरी ऐरोलीला. बदलापूरहून लोकलने ठाणं, तिथून ट्रान्सहार्बर आणि संध्याकाळी हेच उलट. ऑफिसात सर्व्हरचे लॉग वाचायचं काम, त्यामुळे जीबी-दोन जीबीच्या फाइली रोजच्याच. घरी आल्यावर रात्रीचा वेळ मात्र स्वतःच्या व्ह्यूअरचा. चाचणीला त्याने मुद्दाम मराठी साठा घेतला, कारण इंग्रजी लॉगवर सुरळीत चालणारी युक्ती देवनागरीपुढे कुठे अडखळते ते त्याला पाहायचं होतं.

मुळात पडद्यावर एका वेळी मावतात चाळीस-पन्नास ओळी. तरीही बहुतेक एडिटर अख्खी फाइल मेमरीत ओढतात, शिवाय वाटेत तिचं रूप बदलतात. फाइलीतला मजकूर सहसा यूटीएफ-८ या पद्धतीने लिहिलेला असतो आणि तीत देवनागरीचा एक कोडपॉइंट तीन बाइट घेतो. विंडोजच्या आतल्या यूटीएफ-१६ मध्ये तो दोनच घेतो. इंग्रजी अक्षराचं उलट, एकाचे दोन. त्यामुळे लॉग मेमरीत दुप्पट फुगतो आणि मराठी मजकूर दोन-तृतीयांशावर येतो. मराठीला मिळणारी ही सवलत दुर्मीळच, पण ती फार पुरत नाही. खरा खर्च ओळींचा. व्हीएस कोड या एडिटरच्या चमूने २०१८ मध्ये आपलाच अनुभव जाहीर लिहिला होता. ३५ एमबीची एक फाइल उघडेना, कारण तिच्यात १ कोटी ३७ लाख ओळी होत्या. प्रत्येक ओळीमागे ४० ते ६० बाइटचं एक ऑब्जेक्ट तयार होत होतं आणि त्या सगळ्यांनी मिळून सुमारे ६०० एमबी मेमरी खाल्ली. त्यांनी मग आतली रचनाच बदलली.

कात्रपच्या या गृहस्थाचा आदर्श त्याहून जुना आहे. मार्क न्यूडलमन यांनी १९८३ च्या सुमाराला लिहायला घेतलेला, युनिक्सवरचा ‘लेस’ हा प्रोग्रॅम. तो पडद्यापुरतं वाचतो, दाखवतो आणि थांबतो. फाइल केवढीही असो, पहिलं पान क्षणात समोर येतं. शेवटाकडे उडी मारली तर ओळ क्रमांक मोजायला वेळ लागतोय असं तो सांगतो आणि नको असेल तर मोजणी थांबवूही देतो. या प्रोग्रॅमरला त्यातला वेग आवडतोच, पण त्याहून जास्त आवडतं ते हे सांगून टाकणं.

फाइल वाचण्याचे दोन रस्ते. एक मेमरी मॅपिंगचा: फाइल जणू मेमरीतच आहे असं मानून चालायचं आणि लागेल तो चार केबीचा तुकडा ऑपरेटिंग सिस्टिमने परस्पर आणून द्यायचा. कोड सुटसुटीत होतो. ३२ बिटच्या काळात एका प्रोग्रॅमला वापरायला साधारण दोनच जीबी पत्ते मिळत, म्हणून फाइल तुकड्यातुकड्यांनी मॅप करावी लागे. ६४ बिटवर ती अडचण उरली नाही. तरी त्याने हा रस्ता सोडला. लॉग ही वाहती फाइल असते, लिहिणारा प्रोग्रॅम ती मधेच रिकामी करतो. युनिक्सवर मॅप केलेली फाइल अशी पायाखालून गेली की वाचणारा प्रोग्रॅम ‘सिगबस’ हा सिग्नल खाऊन जागीच मरतो. विंडोजवर उलट लिहिणाऱ्यालाच फाइल छोटी करता येत नाही. नुसतं बघायला आलेल्याने घरमालकाची वाट अडवावी हे त्याला पटेना. म्हणून साधं वाचन, ६४ केबीचे मोजके बफर, आणि वापरून जुना झालेला बफर टाकून द्यायचा.

मग ओळ क्रमांक कसा काढायचा? ‘एक कोटीवी ओळ दाखव’ म्हटलं तर तिथपर्यंतचे सगळे नवओळ बाइट, म्हणजे ओळ संपल्याच्या खुणा, मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रत्येक ओळीची जागा आठ बाइटमध्ये लिहून ठेवली, तर महाकॉर्पसच्या यादीलाच १९ कोटी ८४ लाख बाइट लागतात. त्याऐवजी दर हजाराव्या ओळीची जागा टिपली की काम दोन लाखांहून कमी बाइटमध्ये भागतं. रुळांच्या कडेचे किलोमीटरचे खांब असतात तसंच हे. जवळचा खांब गाठायचा आणि पुढचं अंतर पायी कापायचं. ही मोजणी वेगळ्या थ्रेडवर मागे चालू राहते. एसएसडीवर पाच जीबीला दहा-बारा सेकंद, जुन्या हार्ड डिस्कवर मिनिटभर. तोवर खालच्या पट्टीत ओळ क्रमांकाच्या आधी ‘अंदाजे’ असतं.

स्क्रोलबारवर त्याचा विशेष राग आहे. नऊशे पिक्सेल उंचीच्या पट्टीत २ कोटी ४८ लाख ओळी बसवल्या, तर एका पिक्सेलवर साडेसत्तावीस हजार वाक्यं येतात. हात किंचित हलला की एखाद्या कादंबरीएवढा मजकूर मागे पडतो! त्यात विंडोजचा स्क्रोल-संदेश जागा सांगायला सोळाच बिट देतो, म्हणजे ६५,५३५ च्या पुढे गाडी जात नाही; खरी जागा वेगळी विचारून घ्यावी लागते. त्याने तोडगा काढला तो असा: पट्टी ओढली की बाइटच्या हिशेबाने उडी, आणि बाणाच्या कळा व माउसचं चाक मात्र ओळीच्या हिशेबाने.

बाइटच्या हिशेबाने उडी मारली की देवनागरी हिसका दाखवते. ‘कात्रप’ हाच शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात: का, त्र, प. कोडपॉइंट सहा. बाइट अठरा. उडी कुठेही पडू शकते. यूटीएफ-८ ची आखणी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये केली, ती अशी की मधल्या बाइटवर पडलात तर ते लगेच ओळखू येतं आणि जास्तीत जास्त तीन पावलं मागे गेलं की कोडपॉइंटची सुरुवात सापडते. पण ती अक्षराची सुरुवात असेलच असं नाही. ‘त्र’च्या मधे पडलात तर नुसता ‘र’ दिसेल, ‘का’च्या मधे पडलात तर ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेला एकटा काना. म्हणून मागे जायचं ते थेट नवओळीपर्यंत. आणि अख्खी फाइलच एका ओळीत असेल तर? अशा जेसन फाइली असतात. तिथे मागे जायलाही मर्यादा घालून जवळची रिकामी जागा शोधावी लागते. रुंदीचंही तेच: जोडाक्षरं जुळवून, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन बसवण्याचं काम हार्फबझसारखी लायब्ररी करते आणि ती चालवल्याशिवाय ओळ किती लांब होईल हे सांगता येत नाही. लांब ओळ दुमडून दाखवायची असेल तर एकूण उंचीचाही निव्वळ अंदाज उरतो.

सगळ्यात जास्त रात्री गेल्या त्या शोधात. यूटीएफ-८ मध्ये बाइटला बाइट जुळवून शोधता येतं, कोडपॉइंटच्या मधेच खोटी जुळणी होत नाही, त्यामुळे रूपांतराचा खर्च वाचतो. पण ‘बऱ्याच’ शोधलं आणि पडद्यावर ढळढळीत दिसणारा ‘बर्‍याच’ त्याला सापडेना. कारण या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ला दोन लेखनं आहेत. एकात ‘ऱ’ला हलन्त जोडतात, शब्दाचे अठरा बाइट. दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा, न दिसणारा जोडक, शब्दाचे एकवीस. शिवाय ‘ऱ’ स्वतःही ‘र’ आणि नुक्ता असा फोडून लिहिता येतो. कीबोर्ड बदलला की लेखन बदलतं. दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्याला: मराठीत पदोपदी येणारा हा आकार आणि इंग्रजीपुरता विचार करून लिहिलेल्या शोधात त्याची दखलच नाही. त्याने शोधशब्दाचीच सगळी रूपं आधी तयार केली आणि ती एकाच फेरीत फाइलवर चालवली. पहिली जुळणी मिळताच दाखवायची, उरलेली मोजदाद मागे चालू.

ओळखीचे लोक एकच मागणी वारंवार करतात: यातच दुरुस्तीही करता येऊ दे. ते अशक्य नाही. मूळ फाइलला हात न लावता बदल वेगळे ठेवायचे आणि तुकड्यांचा तक्ता सांभाळायचा ही रीत १९७० च्या दशकात झेरॉक्स पार्कच्या ‘ब्राव्हो’ एडिटरमध्येच वापरली गेली होती. अडतं ते सेव्ह करताना. पहिल्याच ओळीत एक काना घातला तरी पुढचे पाच जीबी तीन बाइट सरकतात, म्हणजे जवळपास सगळी फाइल नव्याने लिहायची आणि तेवढी मोकळी जागा डिस्कवर हवी. त्याने दुरुस्ती दिलेली नाही. निवडलेल्या ओळी नव्या फाइलमध्ये काढून देण्याची सोय आहे. त्या फाइलचं पुढे काय करायचं ते ज्याने त्याने आपल्या नेहमीच्या एडिटरमध्ये करावं.