डबीतला ट्रे

दात पांढरे करणारा ट्रे पहिल्या भेटीत कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पारदर्शक, मऊ प्लास्टिकचा पातळ साचा, हिरडीच्या कडेकडेने कातरलेला. डबीतून काढून हातावर ठेवला की पेशंट विचारतात, “एवढंच?” हो, एवढाच. दिवसभर तो पडून असतो. तुम्ही झोपलात की कामाला लागतो.

त्याचा थोरला भाऊ दवाखान्यात राहतो आणि त्याचा थाट निराळा. तो तुम्हाला खुर्चीत आडवं करतो, डोळ्यांवर गॉगल चढवतो, ओठ ताणून धरतो, हिरड्यांवर संरक्षक लेप देतो. मग दातांवर ३५ टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल आणि समोर निळा दिवा. पंधरा-वीस मिनिटांची एक फेरी, अशा दोन-तीन. तासा-दीड तासात तुमच्या हातात आरसा येतो. जाहिरातींत फोटो नेहमी याचेच असतात.

दिव्याचा त्याला फार अभिमान. खरं काम मात्र जेल करतं. पेरॉक्साइड इनॅमलमधून आत डेंटिनपर्यंत झिरपतं आणि तिथे रंग धरून बसलेल्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतं. दिव्याने त्यात फारशी भर पडत नाही, हे अनेक चाचण्यांत दिसून आलंय. शिवाय तासभर तोंड उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि कोरडा दात आहे त्याहून पांढरा दिसतो. आरशात दिसलेला तो पहिला झगझगाट पुढच्या काही दिवसांत थोडा उतरतो. पेशंट घाबरून फोन करतात. बिघडलेलं काही नसतं. दातात पाणी परतलेलं असतं, इतकंच.

ट्रेचा जन्म अपघातानेच झाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथ गावी बिल क्लुस्मायर नावाचे वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर होते. पेशंटच्या सुजलेल्या हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून त्यांनी दात जागेवर ठेवणाऱ्या साच्यात १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक भरून रात्री घालायला सांगितलं. हिरड्या बऱ्या झाल्याच, वर दातही उजळले. ही गोष्ट डॉक्टरा-डॉक्टरांत तोंडोतोंडी फिरत राहिली. अखेर १९८९ मध्ये हेवूड आणि हायमन यांनी ती शास्त्रीय नियतकालिकात रीतसर मांडली. हिरड्यांची सेवा करायला आलेला हा गडी असा दातांच्या कामाला लागला. स्वभावातला शांतपणा त्याने तिथूनच आणला असावा.

कारण ताकद म्हणाल तर त्याच्याकडे थोडीच. १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड फुटलं की जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हाती लागतं, बाकीचा बराचसा युरिया. पण ते सावकाश फुटतं. दोन तासांनंतरही निम्म्याच्या आसपास जोर शिल्लक असतो. थोरल्याने तासात केलेलं काम हा दोन आठवड्यांच्या रात्रींत करतो, आणि महिन्याभराने दोघांचे दात शेजारी शेजारी ठेवले तर सहसा फरक सांगता येत नाही. बिलात मात्र सांगता येतो.

त्याला हावरटपणा खपत नाही. प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं जेल, बस. “जास्त भरलं तर लवकर होईल ना?” असं म्हणून काठोकाठ भरलंत, तर तो जास्तीचं सगळं हिरडीवर आणून ओततो. सकाळी हिरडी हुळहुळते. भरावं मोजकं, ट्रे बसवल्यावर कडेने ओघळलेलं बोटाने पुसून घ्यावं आणि दिवा मालवावा.

तो रुसतोही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माठातलं पाणी प्यायलं की एखाद्या दातातून अशी सणक जाते की माणूस डोळे मिटून घेतो. तेव्हा एक रात्र सुट्टी द्यावी. पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट ट्रेमध्येच भरून पंधरा-वीस मिनिटं घालून बसलं तर बहुतेक वेळा कळ उतरते. थोरल्याच्या सणका त्याच दिवशी येतात, सहसा दिवसा-दोन दिवसांत जातात, पण त्या रात्री आइस्क्रीमचं नाव काढू नये.

उन्हाशी त्याचं हाडवैर. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला किंवा उकळत्या पाण्याने धुतला, की तो वाकतो आणि मग दातांवर बसतच नाही. दुसऱ्याच्या तोंडातही बसत नाही. एका घरात बहिणीचे दात उजळलेले पाहून भावाने गुपचूप तिचाच ट्रे घालून पाहिला. एका बाजूने उचलला गेलेला, दुसरीकडे हिरडीत रुतलेला. नशीब, जेल भरलं नव्हतं. मापं घेऊन प्लास्टरच्या दातांवर घडवलेला असतो तो. माणूस ओळखतो.

लग्नसराईत मात्र त्याची उपेक्षा होते. “डॉक्टर, रविवारी साखरपुडा आहे,” म्हणत मंगळवारी मुलगी येते. तिथे थोरलाच हवा, आणि त्याने ती वेळ निभावली तर त्याचं कौतुक करावं. तोंडात साचा धरला की ज्यांना उमासे येतात, त्यांचाही तोच आधार. फक्त पुढचे दोन दिवस कॉफी, सोलकढी, हळदीची आमटी जरा लांब ठेवायची.

मिश्रीच्या काळ्या रेघा घेऊन आलेल्या आजींना दोघेही आधी हात जोडतात. ते डाग दाताच्या वर असतात. त्यांना स्केलिंग हवं, ब्लीचिंग नव्हे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्याने उमटलेले तपकिरी डाग ट्रेने बरेच फिके होतात. खडूसारखे पांढरे ठिपके मात्र त्याच्याने जात नाहीत.

त्याची खरी थोरवी पाहायची तर लहानपणी टेट्रासायक्लिन घेतलेल्यांच्या दातांवर पाहावी. दात घडत असतानाच औषध आत मुरलेलं, राखाडी-तपकिरी आडवे पट्टे कायमचे उमटलेले. तरुणपणी असे दात घेऊन वावरणाऱ्यांना “तंबाखू खातोस का रे?” हे सतत ऐकावं लागतं, आणि ज्याने कधी सुपारीही चघळली नाही त्याला ते फार लागतं. तासाभराच्या कामाने तिथे फार काही हलत नाही. ट्रे तीन महिने, कधी सहा महिने, रोज रात्री तोंडात बसतो. सुरुवातीचे आठवडे काहीच होत नाहीये असं वाटतं. शेडच्या पट्टीशेजारी दात धरून दर महिन्याला काढलेले फोटो ओळीने लावले की समजतं, पट्टे एकेक करून मागे हटतायत. हिरडीजवळचा गडद भाग शेवटपर्यंत चिवट राहतो. तो पूर्ण गेला नाही तरी ही माणसं खूश असतात आणि मला त्याचं मुळीच नवल वाटत नाही.

काम संपल्यावर ट्रे टाकून देऊ नका. वर्षा-दोन वर्षांनी चहाने रंग पुन्हा चढला, की दाताच्या डॉक्टरांना दाखवून नवी ट्यूब घ्यायची आणि दोन-चार रात्री त्याला पुन्हा कामाला लावायचं. थोरल्याकडे दुसऱ्यांदा गेलात तर अख्खा कार्यक्रम आणि अख्खं बिल पहिल्यापासून.

एका बाबतीत दोघे भाऊ सारखेच हतबल: कॅप आणि सिमेंटवर त्यांचा काडीचा प्रभाव पडत नाही. शेजारचे दात उजळतात आणि मधली जुनी कॅप पिवळी उठून दिसते. तेव्हा पुढच्या दाताची कॅप किंवा फिलिंग बदलायचं मनात असेल, तर आधी दात उजळून घ्या, मग किमान दोन आठवडे थांबा आणि त्यानंतरच नव्या शेडची कॅप करायला टाका. थांबायचं अशासाठी, की रंग स्थिरावायला तेवढे दिवस लागतात आणि दातात उरलेला ऑक्सिजन निघून गेल्याशिवाय नवं फिलिंग नीट चिकटत नाही.